बॅटरीची खुर्ची : आधी बटण बंद, मग ऊठबस

औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय अधू झाले. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर त्यांनी उभी नोकरी केली, बाजारहाट केला, मुलांची लग्ने केली. पुढे उतारवयात पोलिओच्या अनेक रुग्णांचे होते तेच त्यांचेही झाले. पायांचे काम आयुष्यभर खांद्यांनी केलेले, त्यामुळे साठीनंतर खांदे थकले. हात डोक्याच्या वर जाईना, रात्री कुशीवर झोपता येईना. शेवटी मुलाने त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी खुर्ची आणली.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. खुर्ची आली त्या संध्याकाळी गुरुजींनी मला मुद्दाम बोलावून घेतले. अंगणात एक चक्कर मारून दाखवली. चेहऱ्यावर नवी सायकल मिळालेल्या मुलासारखा आनंद होता. काकूंनी पेढा दिला. मी तो खाल्ला, "छान झाले गुरुजी, आता खांद्यांना आराम," असे म्हणालो आणि घरी आलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी गुरुजी पडले आणि खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले.

ते रस्त्यावर पडले असतील असे वाचकांना वाटेल. औरंगपुऱ्याची गर्दी, भाजीमंडईसमोरच्या हातगाड्या, गुलमंडीकडे जाणाऱ्या रिक्षा पाहता तसे वाटणे साहजिक आहे. पण गुरुजी पडले ते स्वतःच्या खोलीत, पलंगापासून एका हातावर. वाचनालयातून परत आले, खुर्ची पलंगाला लावली आणि नेहमीप्रमाणे हातांवर भार देऊन पलंगावर सरकू लागले. खुर्चीचे बटण चालूच राहिले होते. सदऱ्याची बाही जॉयस्टिकला, म्हणजे खुर्ची चालवायच्या त्या लहानशा दांडीला अडली. दांडी पुढे झुकली आणि खुर्ची त्यांच्या खालून निघून गेली. अर्धे अंग खुर्चीवर, अर्धे पलंगावर, आणि मध्ये काही नाही.

त्या संध्याकाळी मी दहा मिनिटे जास्त थांबलो असतो तर हे टळले असते, असे मला वाटते. म्हणून तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज या सदरात सांगतो. अशा खुर्च्या आता आपल्या शहरातही बऱ्याच दिसू लागल्या आहेत. घरात अशी खुर्ची असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर हा लेख घरातल्या सर्वांनी वाचावा, बसणाऱ्याने एकट्याने नव्हे.

प्रथम खुर्ची कशी चालते ते समजून घेऊ. मागच्या किंवा मधल्या दोन मोठ्या चाकांना एकेक मोटर असते. दांडी ज्या दिशेला झुकवाल तिकडे खुर्ची जाते. जास्त झुकवली तर वेग वाढतो, सोडली की खुर्ची थांबते. पायाने किंवा हाताने दाबायचा वेगळा ब्रेक बहुतेक खुर्च्यांना नसतो. ब्रेक मोटरमध्येच असतो आणि त्याची रीत आपल्या स्कूटरच्या उलट आहे. वीज मिळाली की तो सुटतो, वीज तुटली की लागतो. म्हणजे बटण बंद असताना खुर्ची घट्ट उभी असते आणि दांडीला कितीही धक्का लागला तरी ती हलत नाही. बटण चालू असताना मात्र बाही, पिशवीचा बंद, थंडीत अंगावर घेतलेली शाल, नातवाचा हात यांपैकी काहीही ती दांडी हलवू शकते. खुर्चीला कोणाचा हात लागला हे कळत नाही.

म्हणून पहिला नियम हा : खुर्चीत बसण्यापूर्वी आणि खुर्चीतून उठण्यापूर्वी बटण बंद. दिवा विझला हे डोळ्यांनी पाहायचे, "बंद केले असेल" यावर भागवायचे नाही. पलंगावर सरकताना बंद, संडासच्या खुर्चीवर जाताना बंद, रिक्षात चढताना बंद. जेवायला ताटासमोर बसल्यावरही बंद. ताट पुढे ओढायला हात लांबवला, कोपर दांडीवर टेकले आणि खुर्ची टेबलात घुसून गुडघे सोलले गेले, असे रुग्ण माझ्याकडे आले आहेत.

सरकण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. खुर्ची पलंगाला समोरासमोर न लावता तिरपी लावावी, आणि एका बाजूला जास्त बळ असेल तर शक्यतो त्या बाजूने. पलंग आणि खुर्चीची बैठक साधारण एका उंचीची असावी. आपले जुने लाकडी पलंग फार उंच असतात. गुरुजींचा पलंग खुर्चीपेक्षा चार बोटे उंच होता, म्हणजे त्यांना दुखऱ्या खांद्यांवर स्वतःला वर उचलावे लागत होते. सुताराला बोलावून पलंगाचे पाय कापून घेतले, खर्च फारसा आला नाही. खुर्चीचा पलंगाकडचा हात वर होत असेल तर वर करावा, निघत असेल तर काढून ठेवावा. पायदान बाजूला करावे. पायदानावर उभे राहून खुर्चीतून उतरणे ही फार वाईट सवय आहे. पायदानावर वजन पडले की सबंध खुर्ची पुढे उलटते. पाय नीट उभे राहात नसतील तर मधली फट ओलांडायला गुळगुळीत घासलेली फळी मिळते, तिला सरकफळी म्हणू. ती दोन्ही बाजूंना चांगली टेकलेली हवी.

पडणे हाच या खुर्चीचा मुख्य धोका आहे, हे मी केवळ अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेत १९७३ ते १९८७ या काळात चाकाच्या खुर्चीशी संबंधित अपघातांत झालेल्या ७७० मृत्यूंची नोंद तपासून १९९० साली एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पडण्याने किंवा खुर्ची उलटण्याने झालेले होते. तिकडचे रस्ते, तिकडची घरे वेगळी आहेत हे खरे. पण पलंग तिथेही पलंगच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. मोटरजवळ, बहुधा मागच्या चाकांपाशी, एक किंवा दोन लहान दांड्या असतात. पुष्कळांच्या तोंडी त्यांना क्लच असे नाव आहे. बॅटरी संपली किंवा बिघाड झाला तर खुर्ची ढकलून नेता यावी म्हणून ही सोय केलेली असते. ती दांडी फिरवली की मोटर चाकापासून सुटते. पण वर सांगितले तसे, ब्रेकही मोटरमध्येच आहे! मोटर सुटली की ब्रेकही सुटतो. क्लच काढलेल्या खुर्चीला ब्रेक नसतो, ती उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखी असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलीच्या बाबतीत हे घडले. एका इमारतीच्या प्रवेशाच्या उतारावर वडिलांनी खुर्ची रिक्षातून उतरवली. ढकलायला सोपी म्हणून क्लच काढला, मुलीला तीत बसवले आणि रिक्षावाल्याला पैसे द्यायला पाठ फिरवली. खुर्ची मुलीसकट खाली धावू लागली. पहारेकऱ्याने पुढे होऊन अंगावर घेतली म्हणून निभावले. मुलगी दांडी ओढत होती, पण क्लच निघालेला असताना दांडीचा काही उपयोग नसतो. तेव्हा क्लच काढायचा तो सपाट जागेवर, माणूस बसलेला असेल तर दुसऱ्या कोणी खुर्ची दोन्ही हातांनी धरलेली असताना, आणि ढकलणे संपताक्षणी परत लावायचा. लागला की नाही हे खुर्ची थोडी ढकलून पाहावे. ढकलली तरी जागची हलली नाही म्हणजे लागला. घरातल्या कामवाल्या बाईंना, शेजारच्या मुलांनाही हे दाखवून ठेवावे, कारण फरशी पुसताना खुर्ची बाजूला सरकवायला क्लच काढणारे बहुधा तेच असतात.

आता उतार आणि उंबरठा. आपल्याकडच्या जुन्या घरांना उंबरठे आहेत आणि दारापुढे पायऱ्या. त्यावर लोक लाकडाची एक फळी टाकतात. ही फळी मला नेहमी धडकी भरवते. उताराचे प्रमाण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत १ : १२ असे दिलेले आहे. म्हणजे पायरी सहा इंच उंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा. दोन पायऱ्या मिळून एक फूट उंची झाली तर बारा फूट. एवढी जागा गल्लीत नसते, मान्य आहे. मग पहिली खटपट खोलीतले उंबरठे काढण्याची करावी आणि दारापुढच्या उतारासाठी गवंड्याशी बसून मोजमाप करावे. उतार तीन फूट तरी रुंद हवा आणि दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची उंच पट्टी हवी, नाहीतर पुढचे लहान चाक कडेवरून घसरते. वर गुळगुळीत फरशी लावू नये. पावसाळ्यात त्यावर माणूस घसरतो तसे चाकही घसरते.

चढताना अंग पुढे झुकवावे. बहुतेक खुर्च्यांचे वजन मागे असते, चढावर त्या मागे कलतात. त्यासाठी मागे दोन छोटी आधाराची चाके दिलेली असतात. ती उंबरठ्याला अडतात म्हणून काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून काढू नका. उतरताना पाठ खुर्चीला टेकलेली, पट्टा बांधलेला आणि वेग अगदी कमी. उतारावर तिरपे जाऊ नये, मध्येच वळूही नये. पट्टा पोटावर नव्हे तर खाली, कमरेच्या हाडांवर यावा. उंबरठा किंवा लहान उंचवटा ओलांडायचा तर दोन्ही चाके एकाच वेळी लागतील असे सरळ जावे. किती उंचीचा अडथळा चालतो ते खुर्चीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्याहून उंच असेल तर हट्ट करू नये.

पायऱ्यांवरून माणसासकट खुर्ची उचलणे तर टाळावेच. लोखंडी सांगाड्याच्या खुर्चीचे बॅटरीसह वजन सहज ४० ते ५० किलो भरते, त्यात माणसाचे वजन. चार जण उचलायला येतात, आणि धरतात कुठे, तर हातांना आणि पायदानाला. हे भाग निघणारे असतात! ते हातात येतात आणि खुर्ची खाली जाते. माणूस आधी वेगळा न्यावा, खुर्ची नंतर, तीही सांगाड्याला धरून.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. औरंगपुऱ्यात सकाळी आठच्या आत रस्ते मोकळे असतात. नवी खुर्ची आल्यावर सराव करायचा तो त्या वेळी, सोबत कोणी असताना आणि वेगाचे बटण सर्वांत कमीवर ठेवून. पुस्तकांच्या दुकानांसमोर जूनमध्ये काय गर्दी असते ते सर्वांना ठाऊक आहे, तिथे शिकायला जाऊ नये. गटाराच्या जाळीवरून जाताना तिच्या गजांना आडवे जावे, नाहीतर पुढचे लहान चाक फटीत बसते. मंडईतून भाजी आणली तर पिशवी पाठीमागच्या दांड्यांना टांगू नये. पाच किलो कांदे-बटाटे मागे टांगून चढ चढला की खुर्ची मागे जाण्याची भीती. पिशवी बैठकीखाली किंवा मांडीवर ठेवावी, जॉयस्टिकच्या बाजूला तर मुळीच नाही. बायकांनी पदर आणि ओढणी नीट खोचून घ्यावी. अंधारात निघायचे असेल तर मागे लाल चमकणारी पट्टी चिकटवावी, कारण खुर्चीत बसलेला माणूस ट्रकवाल्याच्या नजरेच्या फार खाली असतो. पावसात जॉयस्टिकवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. आणि मोबाइलवर बोलायचे झाल्यास कडेला थांबून, बटण बंद करून बोलावे.

नातवंडांना मांडीवर घेऊन फिरवणाऱ्या आजोबांचा मला राग येत नाही. पण मूल दांडी धरते. पायदानावर उभे राहिलेल्या मुलाचा पाय पुढच्या चाकात जातो. नातवाला फिरवायचेच असेल तर तो शेजारून चालेल.

बॅटरीच्या बाबतीत दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. जड खुर्च्यांत शिशाच्या बॅटऱ्या असतात, हलक्या घडीच्या खुर्च्यांत लिथियमच्या. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नये. खुर्चीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. शिशाची बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये. वापर झाला त्या रात्री ती भरावी, खुर्ची पडून असेल तरीही अधूनमधून भरत राहावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की ती कायमची कमजोर होते. चार्जिंगसाठी अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट आणि हवेशीर जागा हवी. खुर्चीवर चादर टाकून चार्जिंग करू नये. लिथियमची बॅटरी फुगली, गरम लागली, आपटली किंवा भिजली तर वापर थांबवून दुकानदाराला दाखवावी. आणखी एक : घराच्या एकुलत्या एका दारात किंवा जिन्याखाली खुर्ची चार्जिंगला लावू नका. काही पेटलेच तर बाहेर पडायची वाट तीच असते, आणि ज्याला खुर्चीशिवाय हलता येत नाही त्याची खुर्चीच पेटलेली असते.

दुकानदार अमुक किलोमीटर जाते असे सांगतो ते सपाट रस्त्यावर, नव्या बॅटरीवर. चढ, थंडी, वजन आणि बॅटरीचे वय यांनी ते कमी होते. काटा निम्म्यावर आला की घराकडे वळावे. क्लच काढून ढकलत आणण्याची वेळच येऊ नये.

विजेच्या खुर्चीचा शोध तसा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी कॅनडातील जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने ती पुढे आणली. आपल्याकडे खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून जखमी जवानांसाठी काम करते. तिथले जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. या मंडळींकडे पाहिले म्हणजे कळते की खुर्ची चालवणे ही पोहण्यासारखी शिकायची कला आहे. आपण मात्र दुकानातून खुर्ची आणतो, बटण कुठे ते विचारतो आणि पेढे वाटतो.

खुर्ची घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला दाखवावे. बैठकीची रुंदी, पायदानाची उंची, दांडी उजवीकडे की डावीकडे हे माणसागणिक बदलते. अर्धांगवायूच्या काही रुग्णांना एका बाजूचे नीट दिसत नाही किंवा त्या बाजूचे भानच राहात नाही. असा रुग्ण दाराची चौकट ठोकत जातो, त्याला ही खुर्ची आधी तपासल्याशिवाय देऊ नये. फिट येणाऱ्या रुग्णाबाबतही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात चौकशी करता येते, मुंबईला हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को कारखान्याची साधने मिळतात, त्यासाठी अपंगत्वाच्या टक्केवारीची आणि उत्पन्नाची अट असते. या योजनेत जी बॅटरीची तीनचाकी सायकल मिळते ती मात्र वेगळी चीज आहे. तिला पुढे एकच चाक असते, वेगात वळवली तर ती कुशीवर उलटते. वळणाआधी वेग कमी करावा.

आणि एवढे करूनही कोणी पडलेच तर काखेत हात घालून ओढून उठवू नका. पाय आखूड दिसतो का, बाहेर वळला आहे का, ते पाहा. तसे असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. पोलिओने पायातले बळ जाते, संवेदना जात नाही, म्हणून गुरुजी कळवळून ओरडले आणि हाड मोडल्याचे लगेच समजले. मणक्याला इजा झालेल्या माणसाला मात्र पाय मोडला तरी दुखत नाही. तो "काही झाले नाही" म्हणून परत खुर्चीत बसतो, आणि चार दिवसांनी पाय सुजलेला, गरम लागलेला आढळतो. अशा रुग्णाचे पडल्यानंतर कपडे काढून पाय नीट पाहावेत आणि शंका असेल तर एक्स-रे काढावा. अधू पायाचे हाड पोकळ झालेले असते, साध्या पडण्यानेही मोडते.

गुरुजींची शस्त्रक्रिया झाली, पाच महिने ते खाटेवर होते. खुर्ची कोपऱ्यात चादर घालून ठेवलेली होती. तिच्यात पुन्हा बसायला ते तयार नव्हते, काकूंना तर ती डोळ्यांसमोर नको होती. मी रोज संध्याकाळी जाऊन पंधरा-पंधरा दिवस फक्त बसणे-उठणे करून घेतले, खुर्ची एक इंचही न चालवता. आता गुरुजी पुन्हा सकाळी वाचनालयात जातात. परत आले की काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, दिवा गेला का?" गुरुजी "गेला" म्हणतात. काकू तरीही येऊन पाहतात.

पुढील आठवड्यात : खुर्चीतली गादी कशी निवडावी, आणि दिवसभर बसणाऱ्याला होणाऱ्या जखमा.